दविस

पाठीमागून हसू आलं तेव्हा त्याचा हात माउसवरून घसरला आणि पडद्यावरची होडी कालव्याच्या भिंतीला जाऊन धडकली. हसू लहानसंच होतं, नाकातून सुटलेलं, पाणी पिताना ठसका लागावा तसं. घरात तो आणि आत्या असे दोघंच, त्यामुळे हसणारी आत्याच असणार हे कळायला वेळ लागायला नको होता; पण त्याने आधी खिडकीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या फोनकडे, आणि सगळ्यात शेवटी मागे. आत्या दारात उभी होती. उजवा हात पोटाशी धरलेला, डावा चौकटीवर. दवाखान्यातून घरी आली त्या पहिल्या आठवड्यानंतर हुंकारापलीकडे तिच्या तोंडून काही बाहेर पडलं नव्हतं, आणि आता ती त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत हसत होती. "काय गं?" त्याने विचारलं. तिने हनुवटीने खूण केली. होडीच्या वर लाकडी पाटीचं चित्र होतं आणि त्यावर त्याने सकाळीच बसवलेलं मराठी झळकत होतं: नवा दविस.

"अगं, ते 'दिवस' आहे," तो म्हणाला. "वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसतेय. करतो नीट." असं म्हणून त्याने खेळ बंद केला आणि दातांच्या डॉक्टरांची वेबसाइट पुढ्यात ओढली, जणू शाळेत बाकाखाली धरलेलं काहीतरी पकडलं गेलं होतं. आत्या थोडी घुटमळली. मग चौकटीला धरत, उजवा पाय किंचित मागे ठेवत ती आपल्या खुर्चीकडे परत गेली. तिच्या चपलेचा घासत जाणारा आवाज ऐकताना त्याच्या लक्षात आलं की आपलं काहीतरी चुकलं, पण काय चुकलं ते धड कळेना. हसू ऐकून आनंद व्हायला हवा होता. आला होता राग. राग कशाचा? आपल्या कामाला हसली म्हणून? तसल्या कामाला कुणीही हसावं. दातांचे डॉक्टर तर रोजच हसत; त्यांचा तो धंदाच होता, दात दाखवायचा.

लोकांच्या वेबसाइट तयार करून तो पोट भरायचा. कुठल्याही कचेरीत बांधलेला नव्हता, त्यामुळे नातेवाइकांच्या हिशेबी तो कामच करत नव्हता. 'घरीच असतो' हा त्याचा हुद्दा. पानाची मांडणी, रंग, अक्षरं, आणि मग ते सगळं ब्राउझरमध्ये चालेल असं कोडमध्ये उतरवणं, हे एकहाती. या कामात त्याची एक खुबी होती आणि तिच्यावर गिऱ्हाइकं खूश असायची. लोकांना काय हवं ते त्यांना सांगता येत नाही. डॉक्टर हवेत हात फिरवत म्हणत, "मला ना, पान असं... म्हणजे असं..." आणि तो म्हणायचा, "मोकळं?" "हां! मोकळं! बरोबर बोललात." समोरच्याचं वाक्य अडखळलं की पुढचा शब्द त्याच्या जिभेवर तयार असे. वर्षानुवर्षं तो शब्द पुरवत आला होता आणि ते आपल्या हातून इतकं सहज होतं याचा त्याला थोडा अभिमानही होता.

खेळाचा नाद मात्र पैशासाठी नव्हता. कालव्यातून होडी नेत गावोगाव सामान पोचवायचं, इतकाच तो जुना खेळ. काढणारी कंपनी कधीच बंद पडली. पण कुठेकुठे विखुरलेली मूठभर माणसं अजून त्याला ठिगळं लावत होती. कुणी नवं गाव जोडलं, कुणी पावसाचा आवाज सुधारला, एकाने नुसत्या बदकांवर अख्खी सुट्टी घालवली. अशा ठिगळांना मॉड म्हणतात, आणि हा उद्योग करणारे एकमेकांना तोंडाने ओळखत नसले तरी कामावरून ओळखतात. त्याचं ठिगळ म्हणजे खेळातली सगळी भाषा मराठी करायची. ते त्याने फार पूर्वी हाती घेतलं आणि इथेच अडून सोडून दिलं होतं. मराठी टाइप करताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर येते, दिसते मात्र आधी. एरवी कुठलाही प्रोग्रॅम ही उलटापालट मुकाट्याने सांभाळून घेतो. या खेळाला तेवढी अक्कल नव्हती. हातात येईल तसं एकेक चिन्ह तो ओळीत ठेवत जाई. म्हणून दिवसाचा दविस, खिडकीची खडिकी, हिरवा हरिवा. जोडाक्षर आलं तर पहिल्या अक्षराचा पाय मोडून ठेवायचा: मुक्‌काम. आत्या आजारी पडल्यावर त्याने ते काम पुन्हा उकरून काढलं. का, हे त्याने स्वतःला नीट विचारलं नव्हतं. तिच्या खुर्चीपासून हाकेच्या अंतरावर बसून करता येईल असं काम म्हणून, की त्या खुर्चीकडे पाठ करून बसता यावं म्हणून?

हाकेच्या अंतरावर. पण हाक येतच नव्हती. ज्या घरात तो वाढला तिथे हाकेला तोटा नव्हता. आईवडिलांच्या सारख्या बदल्या, म्हणून शाळेपुरता तो आत्याकडे राहिला तो राहिलाच. बाहेरच्या खोलीत तिचा शिवणक्लास चाले आणि तिच्या आवाजापुढे मशिनं दबकून चालत. "ही बाही आहे की पिशवी?" "टीप सरळ घाल गं, कुणाच्या लग्नाला निघालीस एवढी घाईने?" मुली हसत, रडत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. क्लास सुटला की ती काजाबटणांचं काम घेऊन त्याच्यामागे बसायची आणि तो होडी चालवायचा. "डावीकडे घे. डावीकडे रे, ठोंब्या! तो म्हातारा वाट बघतोय ना पिठाची." खेळातल्या एका ओळीचाही अर्थ तिला लागत नव्हता, पण पीठ कुणाला, औषध कुणाला हे तिला पक्कं ठाऊक असे. औषध आधी पोचवायचं, हा तिचा नियम. खेळात तसा नियम नव्हता, आणि त्यामुळे पुष्कळदा त्यांची होडी हरायची.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली तेव्हा हातापायांतलं जेवढं बळ गेलं त्यातलं बरंचसं परत आलं. शब्द परत आले ते एकमेकांचे कपडे घालून. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात क्लासच्या जुन्या मुली भेटायला आल्या, आता सगळ्या भरल्या संसाराच्या बायका. आत्या खुर्चीत ताठ बसली होती. कुणाच्या तरी साडीची किनार नीट बघावी म्हणून ती म्हणाली, "माझा चमचा दे." एक जण लगबगीने उठली आणि स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आली. आत्याने चमच्याकडे पाहिलं. तिला हवा होता चष्मा, आणि आपण काय बोललो ते तिला त्या क्षणी कळलं. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर तिने एकीला तरी फैलावर घेतलं असतं. सगळ्यांनी आवाज मऊ केला, एकीने तिच्या हातावर हात ठेवला, आणि दुसरी "असू दे हं, असू दे" म्हणाली, लहान बाळाला म्हणतात तसं. त्या गेल्यावर आत्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

बोलण्याचे उपचार करणारी मुलगी दर आठवड्याला यायची. वयाने लहान, पण घाईचं नाव नाही. ती चित्रांची कार्डं मांडायची. "मावशी, हे काय आहे?" चेंडूचं चित्र. "आणि हे?" मांजराचं. आत्याने एकेक कार्ड उचलून पालथं घातलं, पत्ते संपवून उठावं तसं. मागच्या खेपेला जिन्यापर्यंत सोडायला तो गेला तेव्हा ती म्हणाली, "खरं सांगू? हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. मेंदू दुसरी वाट शोधत असतो. बोलल्याच नाहीत तर ती वाट बुजते. पुढे इच्छा झाली तरी मग जड जातं." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि तुम्ही ना, शब्द पुरवता."

"मी?"

"त्यांनी पाण्याकडे बघितलं की तुम्ही 'पाणी' म्हणता. मानेला हात लावला की 'उशी?' मग त्यांनी तोंड उघडायचं कशाला? पुढच्या आठवड्यात येते. पण त्यांच्याच मनात नसेल तर उगाच कार्डं दाखवत राहणं मला बरं वाटत नाही."

त्याच संध्याकाळी थोरल्या बहिणीचा, ताईचा फोन. ती लांबच्या शहरात, पण आवाजाने घरातच उभी. "बोलली का?" "नाही." "मग तू दिवसभर करतोस काय? घरीच तर असतोस." "ताई, मी काम करतो." "हो रे, माहितेय तुझं काम. ती होडी अजून आहे का?" मग तीच हळू आवाजात म्हणाली, "मला तिचा आवाज आठवेनासा झालाय रे. काल आठवून बघत होते. ओरडतानाचा आठवतो, साधा नाही आठवत." फोन ठेवल्यावर त्यानेही आठवून बघितलं होतं. त्यालाही आधी ओरडतानाचाच आठवला.

आणि आज ती हसली होती. दातांच्या डॉक्टरांच्या पानावर त्याचं मन लागेना. वेलांटीचा गुंता सोडवायचाच या जिद्दीने त्याने दुपार घातली. ठिगळं लावणाऱ्यांपैकी बदकवाल्याने पूर्वी कधीतरी एक तोड सुचवली होती: खेळाला अक्कल देता येत नसेल तर अक्षरांचंच वळण बदल, वेलांटीसकट 'दि' हे एकच चिन्ह काढ, 'क्का' हे एकच चिन्ह काढ, म्हणजे ओळीत ठेवताना गडबड व्हायला जागाच उरणार नाही. त्याने एकेक अक्षर रेखलं. हाताला हे काम आवडत होतं. वेलांटीची कमान व्यंजनावर नेमकी किती झुकायला हवी हे बोटांना ठाऊक असतं, डोळा नुसता मागाहून मान डोलावतो. ऊन खिडकीतून टेबलावर आणि टेबलावरून जमिनीवर उतरलं तोवर पाटीवर स्वच्छ, ठसठशीत शब्द उभा होता: नवा दिवस. छाती भरून आली. "आत्या, ये ना जरा! बघ!"

ती आली. पाटीकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. तिने एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, ओठ किंचित विलग झाले आणि मिटले. मग ती त्याच्याकडे बघून हसली, तेही मऊ, समजूतदार, चमचा आणून देणाऱ्या बाईसारखं हसली, आणि त्याच्या हातावर हात ठेवला. असू दे हं. तिने तोंडाने म्हटलं नाही तरी त्याला ऐकू आलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सकाळपासून न कळलेली एक अगदी साधी गोष्ट आता कुठे त्याच्या लक्षात आली. सकाळी ती त्याला हसली नव्हती. या घरात आपल्यासारखंच आणखी कुणीतरी आहे, ज्याला शब्द ठाऊक असून ओळीत ठेवता येत नाहीत, हे तिला दिसलं होतं. आणि त्याने दुपारभर राबून त्या बिचाऱ्या खेळाला सुधारून टाकलं होतं. पुन्हा एकदा शब्द पुरवले होते.

"थांब," तो म्हणाला. "जाऊ नकोस." नव्या अक्षरांची फाइल त्याने बाजूला काढली आणि जुनी मोडकी परत जागेवर ठेवली. खेळ पुन्हा सुरू झाला. नवा दविस. त्याने शेजारची खुर्ची ओढली, ती बसली. तो काहीच बोलला नाही. न बोलणं किती कठीण आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. जीभ टाळ्याला लावून धरावी लागत होती. आत्या पाटीकडे बघत राहिली. घशातून एक खरखर आली. "द," ती म्हणाली. रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. "दवि," ती म्हणाली. "दविस."

आवाज खोल होता आणि थोडा गंजलेला, पण साधा होता. ओरडतानाचा नव्हता. तो पडद्याकडेच बघत राहिला, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर त्याच्या चेहऱ्याने सगळा घोटाळा केला असता. त्याने होडी सोडली. पुढच्या धक्क्यावर पाटी आली: हरिवा डोंगर. "हरि... वा," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. "हरिवा!" जो शब्द जगात नाहीच तो चुकायचा कसा? तिथे कुणी चष्मा मागत नव्हतं, कुणी चमचा आणत नव्हतं. 'मुक्‌काम' वाचताना तिने मोडक्या पायाच्या 'क' वर मुद्दाम थांबून, मग उरलेलं 'काम' धाडकन टाकलं, आणि त्या गमतीने स्वतःच इतकी खूश झाली की डाव्या हाताने मांडीवर थाप मारली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी डॉक्टरांचं काम, दुपारी होडी. त्याने मराठी भराभर पुढे नेलं आणि जाणूनबुजून वेलांटीचे शब्द पेरले. बदकवाल्याला त्याने कळवलं की तुझी तोड फार चांगली निघाली, पण सध्या मला बिघडलेलंच हवं आहे; त्यावर त्याने नुसतं एक बदक पाठवलं. घरात नवी भाषा रुजली. आत्या 'खडिकी' म्हणून खिडकीकडे बोट दाखवू लागली आणि तो ती उघडू लागला. मग एके दिवशी, बोट न दाखवता, ती म्हणाली, "खि... खिडकी," आणि आपण काय केलं हे ध्यानात न येताच पुढे म्हणाली, "लाव. वारं." चुका तर ढिगाने होत. वाऱ्याला ती कधी आरसा म्हणे, गोळीला बटण. "बटण घेतलं?" असं त्याने विचारलं की ती डोळे वटारायची. पण तोंड मिटत नव्हतं. होडी गावाजवळ आली की ती पुढे सरकून बसायची. "औषध," ती म्हणायची. "आधी." आणि ते पुन्हा हरायचे.

ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिराने ती मुलगी आली. मध्ये तिला ताप होता. पिशवीतून तिने कार्डं काढली नाहीत. आत्याला आणि त्याला आळीपाळीने बघत ती म्हणाली, "काहीतरी झालंय इथे." तो सांगायला लागणार इतक्यात तिने हात वर केला आणि खुर्ची वळवून आत्याच्या समोर घेतली. "मावशी, तुम्हीच सांगा. हे तुमच्याकडेच लहानाचे मोठे झाले ना? कसे होते?"

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हा," ती म्हणाली. "हा ना. लहानपणी हा फार..."

वाक्य तिथे थांबलं. शब्द त्याच्या जिभेवर तयार होता. हट्टी. दुसरा कुठला असणार? हट्टाने तर तो त्या होडीला चिकटून राहिला, हट्टाने नोकरी धरली नाही. किंवा भित्रा, काळोखात तिच्या पदराला धरून जायचा. किंवा एकलकोंडा. मुकाट. तेच असेल, भाचा मुकाट आहे हे ती सगळ्यांना सांगायची, की तो स्वतःच सांगत आला होता? आत्याच्या गळ्याची शीर हलत होती. डावा हात हवेत उठला आणि बोटं काहीतरी चिमटीत धरू बघत होती. उरलेलं सगळं घर त्या चिमटीत अडकलं. समोरची मुलगी हलत नव्हती, पापणीसुद्धा. त्याने हात गुडघ्यांवर दाबून धरले. त्याला वाटलं, आता आपण बोललो तर ही आयुष्यभर आपल्याच शब्दांत बोलेल, आणि मग ताईला फोनवर तिचा म्हणून जो आवाज ऐकू येईल तो आपलाच असेल.

"बोल," आत्या म्हणाली. "बोल... बोलका. फार बोलका. डोकं खा... खायचा."

"कोण, मी?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मग कोण, मी?" आत्या म्हणाली, अख्खं, एका दमात.

ती मुलगी ओठ दाबून खाली बघत होती; खांदे हलत होते. तो मात्र चकित होऊन बसला. बोलका? कुठल्या तरी फार मागच्या दुपारी एक लहान मुलगा काजाबटणं करणाऱ्या बाईला होडीची हकीकत सांगत सुटला होता, श्वाससुद्धा न घेता, आणि ते मूल इतकी वर्षं या बाईने जपून ठेवलं होतं. त्याला ते आपल्याजवळ कुठे सापडलंच नसतं. त्याचे सगळे तयार शब्द चुकीचे निघाले होते, आणि इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"आता गप्प का?" आत्याने विचारलं. "सांग हिला. त्या म्हाता... म्हाताऱ्याचं."

तो सांगू लागला. एक म्हातारा असतो, कालव्याच्या टोकाला राहतो, त्याचं पीठ पोचवायचं असतं, पण वाटेत एक आजारी बाई लागते आणि आत्याचा नियम असा की... शब्द एकमेकांवर आदळत होते, हात हवेत फिरत होते, आणि मुलगी कौतुकाने ऐकत होती. म्हाताऱ्याचं दार लागतं तिथवर तो पोचला.

"तसं नाही," आत्या म्हणाली.

तो थांबला. मुलीने मान आत्याकडे वळवली. आत्याने एकदा दोघांकडे पाहिलं, त्यांनी नीट गप्प बसावं म्हणून, आणि पुढचा शब्द शोधायला लागली.